मधाचं बोट

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी आमच्या क्वार्टरच्या जिन्यात केरसुणी घेऊन उभा होतो आणि पायऱ्यांवरून मधमाश्या लोटत होतो. काही मेलेल्या, काही अर्धमेल्या, पंख ओले होऊन जागच्या जागी गोल फिरणाऱ्या. एक सुपली भरली. दुसरी भरली. तिसऱ्या सुपलीला मी थांबलो आणि पायरीवर बसलो.

आर. के. पुरम म्हणजे दिल्लीतला सरकारी चाकरमान्यांचा मुलूख. रामकृष्णपुरम हे पूर्ण नाव, पण ते फक्त पत्रावर. सेक्टरांचे नंबर, पिवळ्या भिंतींचे ब्लॉक, सेक्टर सातमध्ये टेकडीवरचं मलई मंदिर, नऊमध्ये संगम थिएटर आणि मधल्या रस्त्यांवर कडुनिंब, जांभळाची जुनी झाडं. इथे कायमचा कुणीच नाही. दोन-तीन वर्षांची पोस्टिंग, काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव, आणि शेजाऱ्यांशी नीट ओळख होईपर्यंत पुढची ऑर्डर. तसंच एक बिऱ्हाड होळीच्या सुमारास आमच्या इमारतीच्या वरच्या छज्ज्याखाली उतरलं. मी बघताक्षणी ओळखलं. आग्या मोहोळ.

साताऱ्याकडच्या माणसाला आग्या मोहोळ सांगावं लागत नाही. गडावर चढताना एखाद्या कड्याखाली पोरांना गप्प बसवून पुढे काढलं जातं, ते याच्यासाठी. या माश्या पेटीत राहत नाहीत. उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधतात आणि त्यावर हजारो माश्या अंगाला अंग लावून पडद्यासारख्या बसतात. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून एक लाट सरकते. एकेक ओळ पोट वर उचलते आणि खाली करते, अगदी परेडवर ‘बायें से गिनती कर’ म्हटल्यासारखी. मी संध्याकाळी चहाचा कप घेऊन खालून ती कवायत बघत बसायचो. घरच्यांनी मला नाव ठेवलं, ‘माश्यांचे उस्ताद’.

सगळ्यांना ते कौतुक नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. रात्री जिन्यातल्या दिव्यावर माश्या यायच्या, थकून फरशीवर पडायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या अनवाणी पायाला एक चावली. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी गच्चीत कपडे वाळत घालणं सोडलं. इमारतीच्या ग्रुपवर रोज फोटो यायला लागले. शेवटी तक्रार गेली, आणि त्या रविवारी सकाळी नऊ वाजता, उन्हं चांगली वर आल्यावर, देखभालीच्या ठेकेदाराची दोन पोरं फवारणीचा पंप घेऊन आली. कुणाला आधी कळवलेलं नव्हतं. खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

पुढचं सांगायला नको. सहा जणांना माश्या चावल्या. सगळ्यांत जास्त चावल्या त्या फवारणाऱ्या दोघांतल्या धाकट्याला. वीसेक वर्षांचा पोरगा, पायात चप्पल, तोंडावर गमछा आणि हातात मोजेसुद्धा नाहीत. त्याचे ओठ सुजले, श्वास लागला. आमच्यातल्या एकाने त्याला गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला, हे आमचं नशीब. ग्रुपवर मात्र लगेच निकाल लागला होता: ‘बघा, किती धोकादायक होत्या. बरं झालं मारल्या.’

त्याआधी सहा आठवडे त्या तिथेच होत्या. तेवढ्या काळात चावल्याची घटना एक. पंप आला त्या अर्ध्या तासात सहा.

फौजेत ही गोष्ट जुनी आहे. नोव्हेंबर १९१४. पूर्व आफ्रिकेतलं, आजच्या टांझानियातलं टांगा बंदर. हिंदुस्थानातून नेलेली साधारण आठ हजारांची फौज तिथे उतरली. समोर जर्मनांचे जेमतेम हजारभर शिपाई. गोळीबारात झाडांवरची मोहोळं उठली आणि माश्यांनी दोन्ही बाजूंना फोडून काढलं. इंग्रजांची चढाई फसली ती मुख्यतः त्यांच्या सेनापतींच्या ढिसाळपणामुळे, पण लढाईचं नाव पडलं ‘मधमाश्यांची लढाई’. पुढे अशीही आवई उठली की जर्मनांनी पोळ्यांना तारा बांधून सापळे लावले होते. तारा-बिरा काही नव्हत्या. गोळ्या पोळ्यांना लागल्या, माश्या उठल्या. मोहोळाला दगड आपण मारायचा आणि कट शत्रूच्या नावावर लिहायचा, हे तेव्हापासून चालू आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझंही एक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका युनिटमध्ये मोठ्या साहेबांची भेट ठरली होती. परेड ग्राउंडच्या कडेला एका झाडावर असंच मोहोळ होतं. काम माझ्याकडे आलं. रात्री बांबूला गोणपाट गुंडाळलं, रॉकेल ओतलं, पेटवलं आणि पाच मिनिटांत ‘काम फत्ते’. सकाळी शाबासकी मिळाली. भेट झाली, बडा खाना झाला. पण वाचलेल्या मूठभर माश्या त्या जळक्या फांदीला आठवडाभर चिकटून होत्या, तिथे खायला-राखायला काहीच उरलेलं नसताना. मी रोज त्या झाडाखालून जायचो आणि वर बघायचं टाळायचो. त्यामुळे त्या रविवारी सुपली हातात असताना मला राग आला तो फक्त ठेकेदाराचा नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या हाताखाली जावळी तालुक्यातला एक हवालदार आहे. चोवीस वर्षांची नोकरी झाली, आता पेन्शनीवर जायचा. सैनिकांच्या पुनर्वसनाचं मुख्य कार्यालय, म्हणजे डीजीआर, आमच्या आर. के. पुरममध्येच, वेस्ट ब्लॉकला. निवृत्तीच्या आधी जवानांना काहीतरी धंदा-हुन्नर शिकवायचे अभ्यासक्रम तिथून ठरतात. बहुतेक जण सुरक्षा रक्षक नाहीतर संगणक म्हणतात. आमचा हवालदार म्हणाला, “साहेब, मला माश्या पाळायच्यात. आमच्या आज्याकडं दोन पेट्या हुत्या. सातेरीच्या. जांभळाचा मध निघायचा.”

त्याचं डोकं ठिकाणावर आहे हे तालुका ऐकूनच कळतं. जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळ ही नवी कल्पना नाही. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, मधपाळांची ‘मधुसागर’ संस्था आहे, आणि महाबळेश्वरजवळचं मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. नंतर कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगावही त्या वाटेने निघालं. सातेरी ही आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत एकाआड एक पोळी बांधते, म्हणून पेटीतही रमते. मध थोडा देते, पण डोंगर तिला पाठ असतो.

देशभर जास्त मध येतो तो मात्र मेलिफेराचा, म्हणजे विलायती माशीचा. १९६२ म्हटलं की आपल्याला नेफा आठवतो. त्याच वर्षी कांगड्यातल्या नगरोटा इथे पंजाबच्या शास्त्रज्ञांनी ही माशी भारतात रुजवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था उभी राहिली. हरणाऱ्या वर्षातही देशात कुणीतरी असलं शांतपणाचं काम करत होतं, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

तर हवालदाराला म्हटलं, फॉर्म भरण्याआधी धंदा डोळ्यांनी बघ. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघं जयपूरच्या रस्त्याने निघालो. हरियाणा संपून राजस्थान लागतो त्या पट्ट्यात थंडीत नजर जाईल तिथे मोहरी पिवळीधम्मक फुललेली असते. एका शेताच्या बांधावर दोनेकशे पेट्या ओळीने मांडलेल्या, शेजारी ताडपत्रीचा तंबू. मधपाळ बिहारचा. त्याच्याकडून जेवढं कळलं तेवढं कुठल्या वर्गात कळलं नसतं.

त्याचं वर्ष म्हणजे एक लांबलचक कूच. थंडीत मोहरी, मग निलगिरी, मग मुजफ्फरपूरला लिची. फुलं संपली की ट्रकमध्ये पेट्या, तेही रात्री, कारण माश्या सगळ्या घरी परतल्याशिवाय दार बंद करता येत नाही. त्याने आम्हाला एक नियम सांगितला: पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन मैलांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर नेली तर माश्या चरायला बाहेर पडतात आणि परतताना जुन्याच जागी जाऊन बसतात. हवालदार लगेच म्हणाला, “म्हंजे आपल्यासारखंच, साहेब. धड घरी न्हाई, धड फ्रंटवर न्हाई, ती बदली वाईट.” मधपाळाला मराठी कळलं नाही, पण आम्ही हसलो तसा तोही हसला.

मग त्याने तंबूमागचा ढीग दाखवला. मेलेल्या माश्या. शेजारच्या शेतात मोहरीवर मावा पडला होता आणि कुणीतरी भर दुपारी औषध मारलं होतं. फवारा संध्याकाळी, माश्या परतल्यावर मारावा, हे कृषी खातंही सांगतं. फुलावर आलेल्या पिकावर तर मारूच नये असं मधपाळ म्हणतो. पण शेत दुसऱ्याचं, पीक दुसऱ्याचं, पंप दुसऱ्याचा. याला आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर त्याने पेट्यांची तोंडं बंद ठेवली असती. सांगितलं नाही, एवढाच त्याचा आक्षेप होता. आमच्या जिन्यातही तीन महिन्यांनी नेमकं हेच झालं.

दुसरं दुखणं भावाचं. वर्षभर रस्त्यावर काढून मध विकायला गेलं की व्यापारी किलोला शंभराच्याही खाली भाव सांगतो, असं तो म्हणाला. कारण बाजारात साखरेचं पाक मिसळलेलं द्रव ‘मध’ म्हणून स्वस्तात मिळतं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्याच सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे नमुने तपासले. जर्मनीतल्या प्रगत चाचणीसह सगळ्या परीक्षांतून फक्त ३ पार पडले. कंपन्यांनी निष्कर्ष नाकारले. पण मधपाळाला प्रयोगशाळेची गरज नव्हती, त्याला भावावरूनच कळत होतं.

तिसरं दुखणं रोगांचं. मेलिफेराला व्हरोआ नावाचा कोळी लागतो, तो माशीच्या आणि पिल्लांच्या अंगाला चिकटून त्यांना पोखरतो. सातेरीचं तर वाचून अंगावर काटा येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाय सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती जवळजवळ साफ केल्या होत्या. वडिलोपार्जित पेट्या रिकाम्या पडलेली घरं तेव्हापासूनची आहेत.

परत येताना हवालदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, माश्या मी पाळीन. पण फुलं कुठनं आणू?”

मला वाटतं सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. आपण माजी सैनिकाला मधमाशीपालन कर म्हणतो. सरकारने त्यासाठी ५०० कोटींचं राष्ट्रीय अभियान काढलं. पेट्या वाटल्या जातात, प्रमाणपत्रं मिळतात, फोटो निघतात. आणि त्याच वेळी आपण राहतो त्या वसाहतीत फुलावर आलेला जांभूळ छाटतो, मोहोळावर विषाचा पंप मारतो, शेतात दुपारी फवारा सोडतो, आणि दुकानातून सगळ्यांत स्वस्त बाटली उचलतो. याला मराठीत मधाचं बोट लावणं म्हणतात. माणसाच्या तोंडाला चव लावायची आणि पोळं आधीच काढून घ्यायचं.

शेतीला माशी काय देते हे मध मोजून कळत नाही. मोहरी, कांद्याचं बी, सफरचंद, डाळिंब, सूर्यफूल, काकडी, भोपळा, यांचं परागीभवन बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून. आणि हे काम फक्त पेटीतली माशी करत नाही. आमच्या छज्ज्याखालची आग्या करते, कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी करते. त्या कुणाच्याच खात्यावर नसतात, म्हणून त्यांच्या मरणाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये माश्यांना घातक तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आपल्याकडे निदान फवाऱ्याची वेळ पाळली जावी, एवढी मागणी तरी जोरात व्हायला हवी.

कुणी म्हणेल, लहान मुलं, म्हातारी माणसं राहतात तिथे आग्या मोहोळ ठेवायचं? शौक आहे का? नाही. ज्याला माशीची ॲलर्जी आहे त्याचा एका डंखानेही जीव जाऊ शकतो. शाळेच्या दाराशी, दवाखान्याच्या खिडकीला मोहोळ असेल तर ते हलवलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे या प्रश्नावर एकच हुकूम आहे, ‘मारा’, आणि तो हुकूम बजावायला आपण अशा पोराला पाठवतो ज्याला हातमोजेही दिलेले नाहीत.

फौजेत प्रत्येक गोष्टीची स्टँडिंग ऑर्डर असते. या गोष्टीचीही असावी. माझ्या बुद्धीप्रमाणे ती अशी:

पहिलं, थांबता येत असेल तर थांबा. आग्या माश्या हंगामापुरत्या येतात आणि फुलं सरली की स्वतः निघून जातात. त्यांचीही पोस्टिंगच आहे. दोन-तीन महिने तेवढा कोपरा दोरी बांधून बंद करा, खाली पाटी लावा, मुलांना दगड मारू नका म्हणून सांगा. मोहोळाजवळचा दिवा रात्री बंद ठेवा किंवा झाका. निम्मी तक्रार दिव्यामुळे असते.

दुसरं, हलवायचंच असेल तर शिकलेला माणूस बोलवा. मेळघाटात मध काढणाऱ्यांना पोळं न जाळता, अंगभर कपडे आणि जाळी घालून, फक्त मधाचा भाग कापायला शिकवलं गेलं आहे. म्हणजे हे हुन्नर देशात आहे. आदल्या दिवशी इमारतीला कळवा, खालची जागा रिकामी करा, खिडक्या बंद करा. विष नको. विषाने माश्या खवळतात आणि मेलेल्या माश्या, मध, सगळंच विषारी होतं.

तिसरं, कुणाला चावलीच तर डंख नखाने खरवडून लगेच काढा आणि तिथून दूर जा. डंखातून सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास बाकीच्या माश्यांना बोलावतो. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

चौथं, झाडं. शेजारच्या सरोजिनी नगर, नौरोजी नगर भागात नव्या इमारतींसाठी हजारो झाडं तोडायचं ठरलं तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण हायकोर्टात गेलं. सावलीबद्दल, हवेबद्दल पुष्कळ बोललं गेलं. त्या झाडांवर जेवणाऱ्यांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. आमच्या आवारात आम्ही छाटणी मार्च ते मे बंद ठेवायची ठरवू शकतो. हिरवळीची एक पट्टी कमी करून तिथे तुळस, सब्जा, शेवगा लावू शकतो. त्याला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

ज्यांना हे बायकी काम वाटतं त्यांच्यासाठी एक बातमी. सीमा सुरक्षा दलाच्या ३२व्या बटालियनने नोव्हेंबर २०२३ पासून पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात बांगलादेश सीमेच्या कुंपणावर मधपेट्या टांगल्या आहेत. कुंपण कापायला येणाऱ्याला माश्या आवरतात, आणि गावकऱ्यांना मधाचं उत्पन्न होतं. म्हणजे जी माशी आम्ही छज्ज्यावर सहन करत नाही, तिला तिकडे ड्युटी लावली आहे.

त्या रविवारनंतर मी चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे गेलो. वाटलं, त्या खूश असतील. त्या म्हणाल्या, “मला हटवायच्या होत्या. माराव्यात असं नव्हतं म्हटलं.” दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा खाली येऊन विचारत होता की त्यांची राणी पळाली का. मी सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

छज्ज्याखाली मेणाचा काळपट अर्धगोल डाग अजून आहे. आग्या माश्या वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात. यंदा कुणी वाचली असेल तर होळीला येईल. इमारतीच्या ग्रुपवर मी वरची स्टँडिंग ऑर्डर हिंदीत लिहून टाकली आहे. चौघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं जबाबदारी कोण घेणार. मी माझं नाव लिहिलं. माझी इथली मुदत पुढच्या जूनपर्यंत आहे, म्हणजे एक हंगाम तरी मी आहे.

हवालदाराने फॉर्म भरला, पहिली पसंती मधमाशीपालन. सुट्टीवर गेला तेव्हा आजोबांच्या दोन पेट्यांपैकी एक माळ्यावर सापडली, फळ्या खिळखिळ्या पण धड. घराच्या मागे जांभूळ आहे, गेळा आहे, आणि हिरड्याची दोन रोपं त्याने लावली आहेत. हिरडा मोठा होईपर्यंत त्याची पेन्शन चालू राहील, असा त्याचा हिशोब आहे.

तुमच्यापैकी जे माजी सैनिक गावी पेट्या ठेवून आहेत, त्यांनी पहिल्या दोन वर्षांत काय बुडालं ते मोकळेपणाने कळवा. काय कमावलं ते नंतर सांगा. त्याला बुडालेलं आधी कळायला हवं.

जय हिंद.